सामूहिक गोळीबार: व्याख्या, मोजणी आणि झळ बसणारे समाज

एकाच घटनेत अनेक माणसे बंदुकीच्या गोळीने मरण पावली किंवा जखमी झाली, तर त्या घटनेला सामूहिक गोळीबार म्हटले जाते. एवढ्यावर भागत असते तर या विषयात संशोधनाला फारसे काम उरले नसते. ‘अनेक’ म्हणजे किती? घटना कुठे सुरू झाली आणि कुठे संपली असे धरायचे? जखमींना मोजायचे की फक्त मृतांना? बंदूक कोणाच्या हातात असली तर ती घटना या सदरात घ्यायची? या प्रत्येक प्रश्नाला अभ्यासकांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. उत्तर बदलले की घटनांचा आकडा बदलतो, हे आता सर्वमान्य आहे. त्याबरोबर बळी पडणारा समाजही बदललेला दिसतो, याची चर्चा मात्र कमी होते. महाराष्ट्रातल्या घटना या मोजमापांना लावून पाहिल्या की ही दुसरी बाब ठळकपणे समोर येते.

व्याख्येचा वाद मुळात अमेरिकेतला आहे. १९८०च्या दशकात एफबीआय या तिथल्या तपास यंत्रणेने खुनांचे वर्गीकरण करताना एकाच घटनेत चार किंवा अधिक माणसे मारली गेली तर त्याला सामूहिक हत्या म्हणावे, असे ठरवले. महिनोन्‌महिने एकेक खून करत जाणाऱ्या गुन्हेगारापासून एकाच वेळी अनेकांना मारणारा वेगळा काढता यावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. बंदूक, सार्वजनिक जागा किंवा बळींची ओळख यांचा त्यात विचार नव्हता. पुढे हाच चारचा आकडा पत्रकारांनी आणि संशोधकांनी उचलला आणि बंदुकीच्या घटनांना लावला. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउन येथील शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. त्यानंतर महिन्याभरात, जानेवारी २०१३ मध्ये, अमलात आलेल्या एका केंद्रीय कायद्यात ‘तीन किंवा अधिक मृत’ अशी मर्यादा आली. हा कायदा स्थानिक पोलिसांना केंद्राची मदत केव्हा मागता येईल हे ठरवण्यासाठी होता. संशोधनासाठी व्याख्या देणे हे त्याचे काम नव्हते. तरीही त्यानंतर काही याद्या तीनवर आल्या आणि काही चारवरच राहिल्या.

या याद्यांमधली तफावत लहानसहान नाही. ‘मदर जोन्स’ या नियतकालिकाची यादी सार्वजनिक जागी झालेल्या घटनाच घेते. टोळ्यांची भांडणे, दरोडे आणि घरातल्या हत्या ती वगळते. ‘गन व्हायोलन्स आर्काइव्ह’ ही संस्था गोळी झाडणारा सोडून चार किंवा अधिक माणसांना गोळी लागली की घटना नोंदवते, मग कोणी मेले असो वा नसो आणि कारण काहीही असो. २०१७ या एकाच वर्षासाठी पहिल्या यादीत ११ घटना होत्या आणि दुसरीत ३४६. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर आहेत, आणि वादात उतरणारा प्रत्येक जण त्यांपैकी आपल्या सोयीचा उचलतो.

अमेरिकी संसदेच्या संशोधन सेवेने २०१५ मध्ये मधला मार्ग काढला. १९९९ ते २०१३ या काळातल्या, चार किंवा अधिक माणसे गोळीने मेलेल्या ३१७ घटना घेऊन त्यांचे तीन गट केले. सार्वजनिक जागी झालेल्या ६६, कुटुंबातल्या १२७ आणि दरोडा, टोळीयुद्ध, अमली पदार्थांचा व्यवहार अशा अन्य गुन्ह्यांतल्या १२४. वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचतात त्या पहिल्या गटातल्या घटना. सर्वांत मोठा गट कुटुंबातल्या हत्यांचा, आणि त्यात मरतात ती प्रामुख्याने बायका-मुले. ‘सार्वजनिक’ हा एक शब्द व्याख्येत घातला की हे सगळे मृत्यू यादीबाहेर जातात.

वंशाच्या बाबतीतही हेच होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१५ या वर्षातल्या, चार किंवा अधिक जण मृत वा जखमी झालेल्या ३५८ घटना एकेक करून तपासल्या. ज्यांचा वंश कळू शकला अशा बळींपैकी आणि संशयितांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय निघाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर, वाढदिवसाच्या मेजवानीत, दारूच्या गुत्त्याबाहेर झालेले हे गोळीबार दुसऱ्या दिवशी स्थानिक बातमीत येऊन संपतात. व्यापक व्याख्या घेतली तर अमेरिकेतला सामूहिक गोळीबार हा मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांचा प्रश्न ठरतो. अरुंद व्याख्या घेतली तर तो शाळा, चित्रपटगृहे आणि मॉल यांचा, म्हणजे मध्यमवर्गाच्या भीतीचा प्रश्न होतो.

तिसरा एक प्रकार असा, की ज्यात बळींचा समाज हेच हल्ल्याचे कारण असते. ऑगस्ट २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात सहा शीख मारले गेले. त्या गोळीबारात जायबंदी झालेला सातवा माणूस २०२० मध्ये वारला. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय, ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा ज्यू, मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमधील दोन मशिदींत ५१ मुसलमान आणि मे २०२२ मध्ये बफेलोच्या किराणा दुकानात दहा कृष्णवर्णीय बळी पडले. या घटना आकड्याच्या मर्यादेत सहज बसल्या. मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधील ओलेथा येथे ‘आमच्या देशातून चालते व्हा’ अशा अर्थाचे ओरडत एका भारतीय अभियंत्याला मारले गेले, तेव्हा मृत एक आणि जखमी दोन होते. ती घटना प्रमुख याद्यांपैकी कोणत्याच मर्यादेत आली नाही. त्या आठवड्यात अमेरिकेतल्या भारतीय घरांत जी भीती पसरली, तिचा माग मृतांच्या संख्येवरून लागणार नाही. उलट एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी आणि तमिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापक होते. त्या हल्ल्यात भारतीयांना भारतीय म्हणून निवडलेले नव्हते. ‘कोणत्या समाजाला झळ बसली’ या प्रश्नाची ही दोन वेगळी उत्तरे आहेत: कोणाला निवडून मारले आणि कोण सापडले. बऱ्याच आढाव्यांत ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळलेली असतात.

भारत या चर्चेत आला तो मुंबईमुळे. अॅडम लँकफर्ड या अभ्यासकाने २०१६ मध्ये १९६६ ते २०१२ या काळातल्या १७१ देशांतील सार्वजनिक गोळीबारांचा अभ्यास छापला. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा सुमारे पाच टक्के, पण अशा हल्लेखोरांत ३१ टक्के, हा त्याचा निष्कर्ष खूप गाजला. बंदुकीच्या बाजूने लिहिणारे जॉन लॉट यांनी २०१८ मध्ये तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. दोघांच्या भांडणाचे मूळ व्याख्येत होते. लँकफर्ड यांचा भर एकट्या-दुकट्या हल्लेखोरांवर होता. लॉट यांनी संघटित गटांचे हल्लेही धरले, आणि तसे धरले की २६ नोव्हेंबर २००८चा मुंबईवरचा हल्ला जगातल्या मोठ्या सामूहिक गोळीबारांत येऊन बसतो. दहा हल्लेखोर आणि १६६ मृत, असा त्याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालात आहे. त्यांतले पन्नासहून अधिक बळी छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचे. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बोचक्यांवर बसलेले ते प्रवासी होते. ताज आणि ट्रायडंट या हॉटेलांतले मृत्यू जगाने नावानिशी पाहिले, स्थानकातले मात्र आकड्यातच राहिले. हल्ला दहशतवादी होता म्हणून तो सामूहिक गोळीबार नव्हे, असे म्हणणे तर्काला धरून आहे. पण मग तसाच दहशतवादी असलेल्या ख्राइस्टचर्चच्या हल्ल्याचे काय, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही.

भारतीय कायद्यात आणि सरकारी आकडेवारीत सामूहिक गोळीबार असे सदरच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात बंदुकीने झालेल्या खुनांतले बळी वेगळे दिलेले असतात. एका घटनेत किती मेले हे त्यावरून कळत नाही. पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या-जखमी झालेल्यांचा तक्ता निराळा. भारतीय कायदाही माणसे मोजतो, पण मोजण्याची बाजू उलटी आहे. पाच किंवा अधिक माणसे विशिष्ट हेतूने जमली की तो बेकायदा जमाव ठरतो आणि तो पांगवण्याचे अधिकार दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला मिळतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३मध्येही जात, धर्म, भाषा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेला खून वेगळा काढला आहे. अमेरिकी याद्या मेलेल्यांची संख्या पाहतात, आपला कायदा जमलेल्यांची किंवा मारणाऱ्यांची. त्यामुळे जमावावर गोळ्या चालल्या तर कागदोपत्री ती जमावाची घटना होते. पहिली फिर्याद बहुधा जमावाविरुद्ध दाखल होते आणि गोळ्यांनी मेलेली माणसे तीतच पुढे कुठेतरी येतात.

खाजगी माणसाने केलेल्या सामूहिक गोळीबाराच्या घटना महाराष्ट्रात विरळा आहेत, याचे साधे कारण बंदुकांची उपलब्धता. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळणे अवघड आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. कोकणात आणि कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत जुने परवाने बहुधा शेतीसंरक्षणाचे, रानडुकरे आणि वानरे हाकण्यासाठी. त्यांतल्या ठासणीच्या बंदुकीत एका बारानंतर पुन्हा दारू ठासावी लागते. निवडणूक आली की याही बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. गुन्हेगारांकडचा गावठी कट्टाही बहुधा एकबारी असतो. झटपट अनेक गोळ्या झाडणारे हत्यार या राज्यात मुख्यतः दोघांकडेच असते, गणवेशातल्या माणसाकडे आणि सशस्त्र संघटनेकडे. महाराष्ट्रातल्या सामूहिक गोळीबारांचा इतिहास त्यामुळे मोठ्या अंशी पोलीस गोळीबारांचा इतिहास आहे.

लोधिवली हे खालापूर तालुक्यातले मुंबई–पुणे रस्त्यावरचे गाव मध्यबिंदू धरले, तर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत अशा चार घटना सापडतात. चारही घटना वेगवेगळ्या काळातल्या आणि वेगवेगळ्या समाजांच्या आहेत, आणि प्रचलित व्याख्यांची परीक्षा घ्यायला त्या पुरेशा आहेत.

पहिली चिरनेरची. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही मेले. मामलेदार जोशी यांच्यासह सरकारी बाजूचीही माणसे त्या दिवशी ठार झाली. मृत सत्याग्रहींत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे, कोळी आणि न्हावी समाजातली नावे आहेत, आगरी शेतकऱ्यांची आहेत. जंगलावर ज्यांचे पोट होते त्या बहुतेक सगळ्या जाती त्या यादीत दिसतात. घटना एक, जागा एक, मृत चारांहून अधिक. आकड्याच्या कसोटीला ती पूर्ण उतरते.

दुसरी सिद्धगडची. कर्जत-माथेरान भागात ‘आझाद दस्ता’ उभारून विजेचे मनोरे पाडणारे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील हे २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मृत दोन. कोणत्याच व्याख्येत ही घटना बसत नाही. तरीही या पट्ट्यात गोळीबार म्हटले की पहिले नाव निघते ते सिद्धगडचे, आणि दर वर्षी २ जानेवारीला लोक तिथे जमतात.

तिसरी घटना व्याख्येच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची आहे. नवी मुंबईसाठी सिडकोने चालवलेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उतरले. १६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाट्यावर दोघे आणि दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, नवघर फाट्यावर तिघे पोलीस गोळीबारात मेले. आंदोलन एक, मागणी एक, तालुका एक आणि स्थानिकांच्या तोंडी संख्याही एकच, ‘पाच हुतात्मे’. पण ‘एक वेळ, एक जागा’ ही अट लावली की घटना दुभंगते. मग चार मृतांच्या मर्यादेत यांतले काहीच येत नाही, तीनच्या मर्यादेत दुसरा दिवस येतो आणि पहिला गळतो. दोन्ही दिवसांचे मृत एकाच आगरी समाजातले, एकमेकांना लागून असलेल्या गावांतले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. लढ्याची झळ आणि त्याचे फळ दोन्ही मोजताना कोणी त्या दोन दिवसांत फरक केला नाही. घटनेची सीमा घड्याळ पाहून आखायची की संघर्ष पाहून, या प्रश्नावर उरणचे उदाहरण पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे.

चौथी घाटमाथ्यावरची. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी बौर गावाजवळ द्रुतगती मार्ग रोखला. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले, त्यांत एक स्त्री. पोलिसांनी वाहनांवर आणि पळणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्याची दृश्ये त्या दिवशी दूरचित्रवाणीवर दिसली. १९३० किंवा १९८४च्या घटनांना असा पुरावा नव्हता. अर्थात चित्रफीत आली म्हणून वाद मिटतो असे नाही, हे पुढे येणाऱ्या मुंबईतल्या १९९७च्या उदाहरणावरून दिसते.

या परिसराबाहेर पाहिले तर यादी लांबते. ९ सप्टेंबर १९४२ या एकाच दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता याच्यासह पाच जण मेले आणि वडूजच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात नऊ. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी निःशस्त्र सत्याग्रही पडले. पत्रादेवीचे स्मारक त्याचेच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे बराच काळ १०५ सांगितले जात, नंतर १०६, अलीकडे १०७. या संख्येत २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मेलेले १५ जण आहेत आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या गिरणगावात, गिरगावात व अन्यत्र अनेक दिवस चाललेल्या गोळीबारांतले मृतही आहेत. घटना म्हणून तोडायला गेले तर हा आकडा डझनावारी लहान तुकड्यांत विखुरतो आणि त्यांतले कितीतरी तुकडे चारच्या खाली राहतात. सामूहिक स्मृती त्यांना एकच घटना मानते. स्मारकावरची संख्या आणि संशोधकाची संख्या यांचा मेळ बसत नाही तो इथे, आणि त्यात चूक कोणाचीच नसते.

समाजाच्या प्रश्नावर महाराष्ट्रातला सर्वांत नेमका दस्तऐवज म्हणजे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाचा अहवाल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईतल्या दंगलीत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर. आयोगाने मृत्यूंची कारणेही वेगळी केली. पोलीस गोळीबार ३५६, भोसकणे ३४७, जाळपोळ ९१, जमावाचे कृत्य ८०, खाजगी गोळीबार २२ आणि अन्य ४. हे सहा आकडे व्याख्येच्या चर्चेत वारंवार समोर ठेवण्यासारखे आहेत. गोळीने मेलेले ३७८. त्यांतले २२ सोडले तर सगळे पोलिसांच्या गोळीने. अमेरिकी व्याख्यांच्या नजरेसमोर शस्त्रधारी नागरिक असतो. त्या जशाच्या तशा मुंबईला लावल्या, तर विचारात घेण्यासारखे फक्त ते २२ मृत्यू उरतात, आणि तेही शहरभर विखुरलेले, म्हणजे बहुतेक घटना मर्यादेखालच्या. नऊशे मृत्यूंच्या दंगलीतून सामूहिक गोळीबार असा जवळपास नाहीसाच होतो. पोलीस गोळीबार मोजला की चित्र पालटते. ९ जानेवारी १९९३ रोजी सुलेमान बेकरीवरच्या पोलीस छाप्यात चारहून अधिक मुसलमान मेले. ही एक घटनाही आकड्याच्या कोणत्याही मर्यादेत आली असती. पुढे ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात पोलीस गोळीबारात सहा जण मेले, सगळे तरुण मुसलमान. अमेरिकेतही पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची यादी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला २०१५ पासून स्वतंत्रपणे करावी लागली होती, सामूहिक गोळीबाराच्या याद्यांतून ते हिशेब मिळत नव्हते.

रमाबाई आंबेडकर नगरची घटना या सगळ्या प्रश्नांना एकत्र आणते. ११ जुलै १९९७च्या सकाळी घाटकोपरच्या या दलित वस्तीतल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक पूर्व द्रुतगती मार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा जण मेले, २६ जखमी झाले. जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, असा पोलिसांचा बचाव होता आणि त्यासाठी चित्रफीतही पुढे करण्यात आली. न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांच्या आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणारा उपनिरीक्षक २००९ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप झाली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तो मृत्यू कोणत्याही तक्त्यात बसणार नाही, पण त्या वस्तीच्या हिशेबातून तो वगळलेला नाही.

गणवेशातला माणूस आणि वैयक्तिक द्वेष एकत्र आले की दोन्ही प्रकारच्या याद्या अडखळतात. ३१ जुलै २०२३च्या पहाटे जयपूर–मुंबई सेंट्रल एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आधी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्याला आणि मग वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या, असा त्याच्यावर आरोप आहे. मृत चार, जागा सार्वजनिक, हल्लेखोर एकटा. महाराष्ट्रातल्या घटनांत अमेरिकी व्याख्येला इतकी तंतोतंत जुळणारी दुसरी सापडणे कठीण. हत्यार मात्र सरकारी होते आणि ते कर्तव्यासाठीच हाती दिलेले होते. भारतीय नोंदीत ही घटना पोलीस गोळीबाराच्या तक्त्यात न येता खुनात मोडते, आणि तिथे ती चार सुट्या बळींत विरघळते. पहिला बळी हिंदू सहकारी होता म्हणून पुढचे तीन योगायोगाने मुसलमान ठरत नाहीत. निवडलेले आणि सापडलेले, दोन्ही प्रकारचे बळी एकाच घटनेत असू शकतात आणि नोंद बळीगणिक करावी लागते, हे या घटनेवरून दिसते.

गडचिरोलीत अडचण वेगळी आहे. तिथे दोन्ही बाजू सशस्त्र आहेत. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाच्या रानात ४० माओवादी ठार झाल्याचे पोलिसांनी सांगितले. मृतांत आपल्या गावचे तरुण होते, असे गट्टेपल्लीच्या लोकांचे म्हणणे होते. अशा घटनांना चकमक म्हटले की त्या युद्धाच्या सदरात जातात आणि बळी निःशस्त्र होते का हा प्रश्नच उरत नाही. बळी दोन्ही बाजूंनी बहुतांशी गोंड, माडिया आणि शेजारच्या आदिवासी-दलित समाजांतले. पोलिसांतही स्थानिक तरुणांची संख्या मोठी आहे. मुंबईतल्या चकमकींवरून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. पोलिसांच्या गोळीने झालेल्या प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास त्यांनी बंधनकारक केला. संशोधकाला मिळणाऱ्या कागदपत्रांत त्यामुळे काही भर पडली आहे.

जखमींची मोजणी हा दुर्लक्षित भाग आहे. गोळी लागून वाचलेला माणूस आयुष्यभर पाय ओढत चालतो, पण मृत्यूवर आधारलेल्या व्याख्येत तो नसतोच. शिवाय कोण वाचते हे रुग्णालय किती जवळ आहे यावर बरेच अवलंबून असते. लोधिवलीचे धीरूभाई अंबानी रुग्णालय मुंबई–पुणे रस्त्यावरच्या अपघातग्रस्तांसाठी ओळखले गेले. अशा ठिकाणी जखमी वेळेत पोहोचला तर जी घटना चार मृतांची झाली असती ती दोनची होते. मृतांची मर्यादा त्यामुळे काही प्रमाणात गोळीबाराबरोबर आरोग्यसेवेचेही मोजमाप करते. रुग्णालयांची स्वतःची व्याख्या आकड्यावर बेतलेली नसते. एकाच वेळी आलेले रुग्ण उपलब्ध डॉक्टर, खाटा आणि रक्त यांना पेलवेनासे झाले की ती मोठी दुर्घटना. वीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला पाच जखमी पुरतात, महानगरातल्या रुग्णालयाला पन्नासही कमी पडतात. आणि मृतांचा आकडाही दिसतो तितका पक्का नसतो. गोळीबाराशी संबंध नसलेले, पण खालापूर तालुक्यातलेच उदाहरण इर्शाळवाडीचे. १९ जुलै २०२३च्या रात्री ठाकर आदिवासींची ती वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता ठेवून चार दिवसांत शोध थांबवला गेला. मृत २७ म्हणायचे की ८४, हे नोंद कोण करतो त्यावर ठरते.

महाराष्ट्रासाठी अशी नोंदवही करायची तर आधार पाच प्रकारचे आहेत: पहिली फिर्याद, मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन, चौकशी आयोगाचे अहवाल, वर्तमानपत्रे आणि गावातली स्मारके. यांतला प्रत्येक आधार एका बाजूला झुकलेला आहे. फिर्याद जमावाविरुद्ध असते. शवविच्छेदनात गोळी कमरेच्या वर लागली की खाली, पुढून की पाठीतून, हे येते, आणि गोळीबार पांगवण्यासाठी होता की मारण्यासाठी हे त्यावरून सर्वांत चांगले कळते. १९५२च्या चौकशी आयोग कायद्यात अहवाल सहा महिन्यांत कार्यवाहीच्या टिपणासह विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद आहे. श्रीकृष्ण अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला मिळाला आणि ऑगस्टमध्ये सभागृहात आला. स्मारकावर नावे असतात पण जखमी नसतात, आणि समोरच्या बाजूचे मृतही नसतात. चिरनेरच्या हुतात्म्यांत मामलेदार नाही.

समाज ठरवण्याचे काम शेवटी आडनावावर येते, कारण बळींची जात किंवा धर्म सरकारी तक्ते सरसकट देत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार वेगळे नोंदवले जातात, पण तिथेही गुन्हा त्या कायद्याखाली दाखल झालेला असावा लागतो. पोलिसांनी जमावावर केलेला गोळीबार त्यात येत नाही. आडनाव हा आधार कोकणात फार लवकर दगा देतो. पाटील हे उरणला बहुधा आगरी, मावळात मराठा, जळगावला लेवा आणि कित्येक गावांत केवळ जुन्या वतनाची खूण. ठाकर हे मावळात शेतकऱ्याचे आडनाव असू शकते आणि खालापूरला ते आदिवासी जमातीचे नाव आहे. परदेशी पद्धतीने नावांच्या यादीवरून समाजाची टक्केवारी काढणारा संशोधक इथे हमखास फसेल. त्याला वाडीवर जाऊन विचारावे लागते, आणि विचारताना घटनेची तारीख सांगण्यापेक्षा फाट्याचे नाव सांगितले तर लोकांना चटकन आठवते.